माशांची झोप मोडू नये म्हणून: एका नव्या टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मासे पाळणाऱ्या हौशी माणसांची ऑनलाइन ओळख मोठी गमतीची असते. समोरच्याचं खरं नाव ठाऊक नसतं, पण त्याची टाकी किती लिटरची आणि तिच्यात कोण कोण पोहतं ते तोंडपाठ असतं. अशाच ओळखीतून एक नवी मत्स्यपालक आम्हा पाच-सात जणांकडे मदत मागायला आली. सगळे तिला ताई म्हणायचे, इथेही तेच म्हणतो. तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. दिवस, आकडे आणि चुका मात्र जशाच्या तशा आहेत. त्यातली एक चूक माझी आहे, आणि ती लहान नाही.

ताईची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. कागदावर ५४ लिटर. तळाची खडी आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पाणी जेमतेम ४५ लिटर. मागच्या काचेवर अडकवायचा फिल्टर होता. तो पाणी वर खेचतो, स्पंजातून गाळतो आणि छोट्या धबधब्यासारखं परत टाकीत सोडतो. पहिल्या दिवशी टाकी भरली, दुसऱ्या दिवशी मासे आले: ६ निऑन टेट्रा, ४ गप्पी आणि २ छोटे गोल्डफिश.

जाणत्या माणसाला एवढ्यावरच पुढचं दिसू लागलं असेल. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत स्पंजावर, खडीवर, काचेवर जिवाणूंची वसाहत चिकटलेली असते. ती अमोनियाचं नायट्राइट करते आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक, तिसरं बरंच सौम्य आणि पाणी बदलून काढता येण्यासारखं. नव्या टाकीत ही वसाहत नसते. ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात, आणि यालाच हौशी लोक टाकी 'सायकल' होणं म्हणतात. (एक जिवाणू अमोनिया खातो आणि दुसरा नायट्राइट, हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. २०१५ मध्ये दोन्ही कामं एकटाच उरकणारा नायट्रोस्पिरा सापडला, तोही मत्स्यशेतीच्या फिल्टरमध्ये, आणि आमची सुटसुटीत आकृती थोडी बिघडली. टाकीवाल्याला त्यानं फरक पडत नाही, थांबावं तितकंच लागतं.)

ताईनं थांबण्याचे आठवडे माशांच्या अंगावर घेतले होते. बहुतेक नवे लोक हेच करतात. टाकी भरली की पाणी स्वच्छ दिसतं, आणि स्वच्छ पाण्यात मासे सोडू नयेत असं कुणाला का वाटावं?

समस्या

नवव्या दिवशी संध्याकाळी तिचा प्रश्न आला.

"नमस्कार. माझे मासे सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. पाणी पांढुरकं झालंय. कोणतं औषध घालू?"

सोबत एक फोटो. टाकीचा निळा दिवा लावून काढलेला, त्यामुळे मासे, पाणी आणि मागची भिंत सगळंच निळं. त्यावरून निदान करणं म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचून आतलं पत्र सांगण्यासारखं.

तासाभरात सात उत्तरं जमली. एकानं मिथिलीन ब्लू सांगितलं. एकानं मीठ. एक म्हणाला हीटर लावून तापमान वाढवा, दुसरा म्हणाला एअर पंप लावा. एकानं सगळं पाणी काढून टाकी धुवून पुन्हा भरायला सांगितली. एकाचं म्हणणं होतं की दोन दिवस काहीच करू नका, पांढुरकेपणा आपोआप जातो. सातवं उत्तर माझं.

आज ती उत्तरं वाचली की वाटतं, यातलं एकही मूर्खपणाचं नव्हतं. पांढुरकेपणा खरंच आपोआप जातो. नव्या टाकीत फुकटचं खाद्य मिळालं की पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंची भरभराट होते, ती ओसरते. तापमान वाढवणं पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात उपयोगी पडतं. एअर पंपानं तर तोटा कधीच होत नाही. पण प्रत्येकानं उत्तर दिलं होतं ते स्वतःच्या टाकीला. जो माणूस मागल्या महिन्यात ठिपक्यांशी झुंजला होता त्याला ठिपके दिसले, ज्याचा पंप बंद पडला होता त्याला पंप दिसला.

आणि ताईनं लिहिलेला एक शब्द आम्हा सातही जणांच्या नजरेतून सुटला: 'सकाळी'.

पहिला निर्णय: विचारायचं की सांगायचं

माझं उत्तर असं होतं: "ताई, टाकी नवी आहे, अमोनिया चढला असणार. आज रात्रीच निम्मं पाणी बदला. बाकी उद्या बघू."

निदान बरोबर होतं. उपायही पाठ्यपुस्तकातला. उत्तर टाकलं आणि मी समाधानानं झोपलो.

सकाळी तिचा निरोप होता. "काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन निऑन गेले."

मी विचारलं, "नव्या पाण्यात अँटिक्लोरीन घातलं होतं ना?"

"ते काय असतं?"

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो. आपल्याला तो चालतो, माशाच्या कल्ल्यांना भाजतो, आणि जे जिवाणू आपल्याला हवे असतात त्यांनाही मारतो. अँटिक्लोरीन म्हणजे तो घालवणारं औषध. पहिल्या दिवशी भरलेलं पाणी फिल्टर चालू ठेवून रात्रभर राहिलं होतं, तेवढ्यात क्लोरीन उडून गेला आणि मासे वाचले. त्यामुळे असं काही असतं हे ताईला कळायची वेळच आली नव्हती. (पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घातलेलं असेल तर ते असं सहज उडत नाही, तिथे औषधाशिवाय गत्यंतर नाही.) माझ्या सांगण्यावरून तिनं बादलीनं थेट नळाचं पाणी ओतलं, एका दमात निम्मी टाकी.

ते दोन निऑन क्लोरीननं गेले की आधीच्या अमोनियानं, हे सांगता येत नाही. माझं मन अर्थातच अमोनियाकडे झुकतं. ते का झुकतं हेही मला माहीत आहे.

या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच. मला दहा मिनिटं होती, कीबोर्ड होता, आणि 'निम्मं पाणी बदला' लिहिण्याआधी 'पाणी कसं बदलता?' एवढं विचारायला काहीच हरकत नव्हती. पण उत्तर माहीत असलं की प्रश्न विचारणं नकोसं होतं. शिवाय आणखी सहा जण बोलत होते, आणि त्यांच्या आधी बोलायची मला घाई होती. हे कबूल करायला बरेच दिवस लागले.

रोजनिशी

दहाव्या दिवशी मी नेहमीची सवय मोडली. काय झालं हे न विचारता काय केलं हे विचारलं. "पहिल्या दिवसापासून काल रात्रीपर्यंत टाकीशी जे जे केलंत ते लिहून काढा. चुकलं असं वाटतं तेवढंच नको. बरोबर केलं असं वाटतं तेही लिहा, तेच आधी लिहा."

उत्तर मोठं होतं. त्यातल्या चार गोष्टी इथे पुरतात. खाद्य दिवसातून तीनदा, कारण घरातली तीन माणसं एकेकदा हौसेनं घालत होती. फिल्टरचा स्पंज दर दोन दिवसांनी नळाखाली धरून 'नव्यासारखा दिसेपर्यंत' धुणं. खाली बसलेलं खाद्य न काढणं, कारण 'रात्री भूक लागली तर'. आणि शेवटी जवळजवळ जाता जाता: "रात्री ११ ला दिवा आणि फिल्टर दोन्ही बंद करते. पाणी सारखं हलत राहिलं तर त्यांची झोपमोड होते."

आता 'सकाळी' या शब्दाचा अर्थ लागला. रात्रभर पाण्याची हालचाल थांबली की पृष्ठभागावरून ऑक्सिजन मिसळणं मंदावतं, आणि टाकीतले मासे, तरंगणारे जिवाणू, कुजणारं खाद्य सगळेच तो ओढत राहतात. २८ अंशांच्या पाण्यात मुळात लिटरमागे ८ मिलिग्रॅमही ऑक्सिजन मावत नाही. बंद फिल्टरच्या डब्यात स्पंजावरचे जिवाणू तर कोंडूनच पडतात. पहाटेपर्यंत मासे वर यायचे. सकाळी सातला ताई फिल्टर चालू करायची, दुपारपर्यंत ते खाली जायचे, आणि तिला वाटायचं की आता बरं वाटतंय.

तिनं काहीही लपवलं नव्हतं, हे मला इथे ठासून सांगायचंय. माणूस मदत मागताना बिघडलेलं सांगतो. काळजीनं केलेलं सांगत नाही, कारण त्याच्या हिशोबी ती घटनाच नसते. स्पंज धुणं ही स्वच्छता, तीनदा घास घालणं ही माया, रात्री फिल्टर बंद करणं हा समजूतदारपणा. नव्या टाकीत मासे मरतात ते बहुतेक वेळा याच गोष्टींनी, आणि 'काय चुकलं?' असं विचारलं तर त्यांतली एकही कानावर येत नाही.

आकडे

त्याच दिवशी ताईनं थेंबांचं टेस्ट किट मिळवलं. दुपारचे आकडे असे होते: एकूण अमोनिया ४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम. नायट्राइट ०.२५. नायट्रेट ०. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप, ८.२. तापमान २८ अंश. अमोनियाचा हा आकडा निम्मं पाणी बदलून झाल्यानंतरचा, म्हणजे आदल्या दिवशी काय असेल त्याची कल्पना करा.

इथे पीएचकडे बघायला नवे लोक विसरतात. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला काही भाग अमोनियम रूपात असतो, तो फारसा त्रास देत नाही. विषारी असतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचं प्रमाण पीएच व तापमानाबरोबर चढतं. पीएच ७ असता, याच तापमानाला, एकूण अमोनियाच्या शंभरातला एक भागही मुक्त नसता. ८.२ ला जवळजवळ दहावा भाग मुक्त असतो. म्हणजे ताईच्या टाकीत सुमारे ०.४ मिलिग्रॅम. मत्स्यशेतीत ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा होते असं धरतात. कुणी 'माझ्याकडे ४ पीपीएम होता, मासे मजेत होते' म्हणालं तर तो खोटं बोलत असेलच असं नाही, त्याचा पीएच विचारावा.

यावरून आमचं लक्ष्य ठरलं. दहावा भाग मुक्त असेल तर एकूण अमोनिया ०.५ च्या खाली ठेवायला हवा.

अमोनिया येतो कुठून याचाही हिशोब ताईला करून दाखवला, कारण नुसतं 'खाद्य कमी घाला' कुणी ऐकत नाही. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १ ग्रॅम खाद्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात उतरला तरी ४५ लिटरमध्ये लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची भर पडते. रोज. हे वाचून तिनं खाद्याचा डबा कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःकडे.

पर्याय

दहाव्या दिवशी हातात चार वाटा होत्या.

औषध. मिथिलीन ब्लूची बाटली ताईनं आणून ठेवली होती आणि ती दर तासाला विचारत होती, "घालू का?" आम्ही नको म्हटलं. रोगाचं एकही लक्षण नव्हतं, ठिपके नव्हते, कापसासारखी बुरशी नव्हती, आणि हे औषध जे थोडे जिवाणू बसू पाहत होते त्यांनाही सोडत नाही. पण बाटली समोर असताना ती न उघडणं फार कठीण असतं. काहीतरी घातल्याचं समाधान पाणी बदलण्यात मिळत नाही.

टाकी रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात. मासे तात्पुरते कुठे ठेवायचे याचं उत्तर नव्हतं, शिवाय त्यानं जिवाणूंची घडी पुन्हा शून्यावर आली असती. सोडून दिलं.

जुन्या टाकीतला स्पंज उसना आणणं. हा खरा जवळचा रस्ता. चालत्या टाकीतला वापरलेला स्पंज आपल्या फिल्टरमध्ये ठेवला की वसाहत तयारच येते, आठवडे वाचतात. ताईच्या ओळखीतल्या एकाची जुनी टाकी होती आणि तो द्यायला तयार होता. मी त्याच्या टाकीचीही रोजनिशी मागितली. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्याकडे पांढरे ठिपके येऊन गेले होते. स्पंजाबरोबर रोग येण्याची शक्यता खरी होती, आणि ताईचे मासे आधीच अर्धमेले. आमच्यात दोन तट पडले. अखेर स्पंज घेतला नाही. मी विरोधात होतो, आणि हा निर्णय बरोबर होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. घेतला असता आणि ठिपके आले नसते, तर पुढचे चार आठवडे वाचले असते.

उरली ती चौथी वाट: माशांसकट टाकी सायकल करायची, रोज मोजायचं, रोज पाणी बदलायचं, आणि भार कमी करायचा.

काय केलं

आधी नळाचं पाणी मोजलं. पीएच ८.२, अमोनिया ०. हे महत्त्वाचं होतं. टाकी आणि नळ यांचा पीएच जुळत होता, त्यामुळे एकदम निम्मं पाणी बदलायला भीती नव्हती. फार दिवस पाणी न बदललेल्या टाकीत गोष्ट वेगळी असते. तिथे पीएच घसरलेला असतो, नवं पाणी ओतलं की तो झटकन चढतो आणि निरुपद्रवी अमोनियम विषारी रूपात येतो. 'निम्मं पाणी बदला' हाच सल्ला तिथे जीव घेऊ शकतो.

दहाव्या दिवशी संध्याकाळी निम्मं, अकराव्या दिवशी सकाळी पुन्हा निम्मं. अँटिक्लोरीन घालून, तापमान हातानं नव्हे तर थर्मामीटरनं जुळवून. ४ चे २, २ चा १. दुपारी किटनं १ दाखवला तेव्हा ताईला पहिल्यांदा हायसं वाटलं. हिशोब केला तसा रंग आला होता.

बाराव्या दिवशी आणखी एक निऑन गेला. त्याच दिवशी गोल्डफिशचा प्रश्न निकालात काढायचं ठरलं. हे दोघे त्या टाकीत सगळ्यात जास्त घाण करणारे, आणि साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर लांब होतो. ४५ लिटर त्याला आज पुरतात, वर्षभरानं नाही. त्याला पाणीही निऑन-गप्पीपेक्षा थंड मानवतं. घरातल्या लहान मुलीनं त्यांची नावं ठेवली होती, म्हणून ताई दोन दिवस हे टाळत होती. मोठी टाकी असलेल्या एका हौशी माणसानं ते नेले. मुलगी रडली. त्यानंतर अमोनिया चढण्याचा वेग दिसण्याइतका उतरला.

मग रोजचा नेम बसला. सकाळी आकडे, मग अमोनिया ०.५ च्या वर असेल तर ४० टक्के पाणी बदल, खाद्य एक दिवसाआड आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच. स्पंजाला हात लावायचा नाही. प्रवाह फारच मंदावला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बुचकळून पिळायचा, नळाखाली नाही.

सतराव्या दिवशी अमोनिया पुन्हा १ वर गेला. कारण कळेना. खाद्य तेवढंच, मासे कमी झालेले, पाणी नेमानं बदललेलं. मी विचारलं, "फिल्टर रात्री चालू असतो ना?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं. "काका, खरं सांगू? चार दिवस चालू ठेवला. परत बंद करायला लागले. टाकी झोपायच्या खोलीत आहे. रात्रभर पाणी पडण्याचा आवाज येतो, सासऱ्यांना झोप लागत नाही."

माशांच्या झोपेची गोष्ट खोटी नव्हती, तिचा त्यावर विश्वास होता. पण तिच्या आड माणसांची झोप होती, आणि ती आम्ही कुणी विचारलीच नव्हती. 'फिल्टर बंद करू नका' हे आम्ही मिळून किमान दहा वेळा सांगितलं असेल. का बंद करता, हे एकदाही नाही. उपाय पाच मिनिटांचा निघाला. अडकवायच्या फिल्टरचा आवाज होतो तो पाणी उंचावरून पडतं म्हणून. टाकीतली पातळी दोन बोटं वाढवली, फिल्टरचं तोंड पाण्याला टेकलं, आवाज थांबला. पृष्ठभाग हलता राहिला तेवढं पुरतं. त्या रात्रीपासून फिल्टर बंद झाला नाही.

बाविसाव्या दिवशी अमोनिया ०.२५ वर आला आणि नायट्राइट २ वर चढला. पहिला टप्पा बसत होता, दुसरा बसायचा होता. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो, रक्त तपकिरी पडतं. यावर उतारा म्हणजे मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारात नायट्राइटशी स्पर्धा करतो आणि त्याला आत येऊ देत नाही. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड असला तर चांगलं संरक्षण मिळतं. आम्ही १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ ठरवलं, ४५ लिटरला साडेचार ग्रॅम, वजन करून, पाण्यात विरघळवून. प्रमाण गरजेपेक्षा बरंच वर होतं, पण निऑनलाही सोसवेल एवढं कमी. मीठ उडून जात नाही, म्हणून पुढे फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच पुन्हा घालायचं.

नवव्या दिवशी मीठ सुचवणारा गृहस्थ यावर म्हणाला, "मी तर आधीच सांगितलं होतं." खरंय. पण तेव्हा नायट्राइट नव्हतंच. त्याच चमच्यानं तेव्हा काही साधलं नसतं.

चोविसाव्या दिवशी एक गप्पी गेला. मीठ दोन दिवस आधी घालायला हवं होतं का? कदाचित. विसाव्या दिवशी नायट्राइट १ दिसलं होतं आणि आम्ही 'बघू' म्हटलं होतं.

एक किरकोळ पण बोलकी गोष्ट. तिसाव्या दिवसापर्यंत नायट्रेट ० येत होता. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही घटतायत आणि नायट्रेट नाही, हे गणित जुळेना. शेवटी ताईला टेस्ट करतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. नायट्रेटची दुसरी बाटली जोरजोरात हलवावी लागते, तिच्यातला घटक तळाशी बसतो. ताई ती हळुवार हातानं दोनदा उलटी करत होती. बाटली अर्धा मिनिट दणकावून हलवली आणि आकडा शून्यावरून २० वर गेला.

निकाल

अडतिसाव्या दिवशी नायट्राइट पहिल्यांदा ० आलं. एकेचाळिसाव्या दिवशी सलग चौथ्यांदा अमोनिया ०, नायट्राइट ०. रोजचं पाणी बदलणं थांबलं, आठवड्याला तिसरा हिस्सा एवढ्यावर आलं.

१२ माशांपैकी ३ निऑन आणि १ गप्पी मेले, २ गोल्डफिश दुसरीकडे गेले, ६ मासे उरले. तेही फार दिवस ६ राहिले नाहीत. तेहतिसाव्या दिवशी एका गप्पीनं पिल्लं घातली होती. गप्पीची मादी नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, तेव्हा ती कधी विणार हे सांगता येत नाही. ताईनं ती शेवाळाच्या गुंत्यात मोजली, १४ भरली. अर्धवट सायकल झालेल्या टाकीत १४ नवी तोंडं ही आनंदाची बातमी नव्हती, पण त्या घरात तिचा आनंदच झाला, आणि आम्हीही गप्प बसलो. पाणी बदलण्याचे दोन दिवस वाढले एवढंच.

निऑन तीनच उरले. थव्यात राहणारा मासा तिघांत बुजून राहतो. आणखी निऑन आणावेत असं काहींचं मत पडलं. मी नको म्हटलं, पीएच ८.२ च्या पाण्यात गप्पी जेवढा खुलतो तेवढा निऑन नाही. ताईनं दोन आठवडे थांबून, रोज मोजून, पाच निऑन आणले. ते नीट आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मासे आणण्याआधी रिकामी टाकी अमोनिया घालून सायकल केली असती तर यातलं काहीच घडलं नसतं. पण ती चर्चा इथे निरर्थक आहे. मदत मागायला माणूस येतो तो मासे आणल्यावर, आधी नाही. आमच्या हातात होतं ते नवव्या दिवसापासूनचं.

पहिल्या तासात सातांपैकी एकानंच बोलायला हवं होतं. सात उपाय समोर आले की नवा माणूस सगळ्यांत सोपा उचलतो, नाहीतर सगळ्यांत खात्रीनं बोलणाऱ्याचा. ताईनं माझा उचलला तो मी खात्रीनं बोललो म्हणून. आता आम्ही एवढं पाळतो: पहिल्यानं विचारायला सुरुवात केली की बाकीच्यांनी उत्तरं येईपर्यंत थांबायचं. दर वेळी जमतं असं नाही.

त्या रात्री धोका न पत्करता सांगण्यासारखं काय होतं? फिल्टर चालू ठेवा, खाद्य बंद करा, पृष्ठभाग हलता ठेवा. या तिन्हींनी कोणत्याही टाकीत, कोणत्याही निदानाला नुकसान होत नाही. पाणी बदलणं यात बसत नाही, कारण पाणी बदलायला पाणी लागतं आणि ते कसं आहे हे मला माहीत नव्हतं. औषध तर नाहीच. माझ्या हाताशी हा फरक त्या रात्रीही होता, मी वापरला नाही.

स्पंजाचा वाद मिटलेला नाही. उलट बाजूचा माणूस आजही म्हणतो की ठिपके येऊन तीन आठवडे झाले होते, तापमान २८ होतं, ठिपके आणणाऱ्या परोपजीवीचं चक्र केव्हाच संपलं असणार. मी म्हणतो की त्याच्या टाकीत मासे होते, तेव्हा चक्र चालू राहायला जागा होती. दोघांचंही म्हणणं पुराव्याविना आहे.

आणि आवाजाबद्दल विचारायला मी सात दिवस घेतले. दहाव्या दिवशी रोजनिशीत फिल्टरची ओळ वाचली तेव्हा मला कारण सापडल्याचा एवढा आनंद झाला की त्या ओळीचं कारण शोधायचं राहूनच गेलं. सतराव्या दिवसाचा १ पीपीएम त्याचाच. टाकीत दोन बोटं पाणी वाढवायचं होतं.